आसन्न सत्य : यंत्राची आकडेमोड आणि आपला विश्वास



या शाळेच्या ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो आणि विषयाकडे वळतो. मराठी साहित्याच्या एका निवृत्त अध्यापकाने संगणकाच्या आकडेमोडीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय अंकांचा असला, तरी त्यातला गोंधळ पुष्कळसा शब्दांचा आहे. 'बरोबर', 'तंतोतंत', 'तेच' आणि 'खरे' हे चार शब्द आपण सहजपणे एकमेकांच्या जागी वापरतो. संगणकाच्या बाबतीत हे चार शब्द चार निरनिराळ्या गोष्टी सांगतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की आपला विश्वास चुकीच्या ठिकाणी बसतो. शब्दांची निवड-पाखड करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने या प्रश्नाकडे पाहण्यास हरकत नसावी.

प्रश्न असा आहे. पदार्थविज्ञानात आज 'सिम्युलेशन' नावाची एक पद्धती सर्वत्र रूढ आहे. आपण तिला प्रतिरूप म्हणू. निसर्गाचे नियम समीकरणांत मांडायचे, आजची स्थिती आकड्यांत भरायची, आणि काळाची लहान लहान पावले टाकीत उद्याची, परवाची, शंभर वर्षांनंतरची स्थिती काढीत जायचे. ग्रहांचे भ्रमण, नदीचा पूर, पुलावरचा ताण, मोसमी वारे, सारे अशा प्रतिरूपांतून अभ्यासले जाते. आता तेच नियम, तीच सुरुवात आणि तेच प्रतिरूप घेऊन दोन यंत्रांवर आकडेमोड केली, तर उत्तर एकच यावे अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते पुष्कळदा वेगळे येते. काही प्रसंगी एकाच यंत्रावर लागोपाठ दोनदा केलेल्या आकडेमोडीतही फरक पडतो. यंत्र तर थकत नाही आणि विसरत नाही. मग हा फरक येतो कोठून? आणि फरक येत असेल, तर त्या उत्तरावर पेरणीचा, पुलाचा, माणसांच्या जिवाचा भार ठेवावा काय?

याचे मूळ समजण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सभागृहातील ज्येष्ठांना सोळा आण्यांचा रुपया आठवत असेल. आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली, मग आणा आणि अर्धा आणा. म्हणजे रुपयाचे अर्धे, त्या अर्ध्याचे अर्धे, पुन्हा त्याचे अर्धे. आपली पावकी, निमकी, पाऊणकी ही याच व्यवहारासाठी होती. आता अशा बाजारात कोणी रुपयाचा बरोबर दहावा हिस्सा मागितला, आणि अट घातली की केवळ अर्धे करीत मिळणारी नाणीच वापरायची, तर काय होईल? एक आणा देऊ. थोडे कमी पडते, म्हणून अर्धा आणा देऊ. तरीही कमी पडते. म्हणून आण्याचा सोळावा भाग देऊ, मग बत्तिसावा भाग देऊ. हा हिशेब कधीच संपत नाही. नाणी बारीक होत जातात, शेष लहान होत जातो, परंतु शून्य होत नाही.

संगणक हा असाच सोळा आण्यांच्या काळातला सराफ आहे. त्याची गणनपद्धती द्विमान आहे. पाव, अर्धा, पाऊण हे त्याला तंतोतंत मांडता येतात. 'एक दशांश' मात्र मांडता येत नाही. म्हणून तो कोठेतरी थांबतो आणि जवळचा आकडा घेतो. आज प्रचलित असलेल्या चौसष्ट स्थानांच्या पद्धतीत त्याला सुमारे पंधरा ते सोळा सार्थ अंक ठेवता येतात. त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून सर्व अंक दाखविण्यास सांगितले, तर ०.३ न येता दशांशचिन्हानंतर सतराव्या स्थानी चाराचा आकडा डोकावतो. ही यंत्राची चूक म्हणता येणार नाही. ज्या नाण्यांत हिशेब करण्यास आपण त्याला सांगितले, त्या नाण्यांची ती मर्यादा आहे.

येथे 'फ्लोटिंग पॉइंट', म्हणजे तरता बिंदू, या संज्ञेचाही अर्थ सांगतो. सूर्याचे अंतर आणि अणूची जाडी एकाच वहीत लिहायची, तर दशांशचिन्ह एका जागी खिळवून चालत नाही. म्हणून यंत्र ठरावीक संख्येचे सार्थ अंक लिहिते आणि चिन्ह किती घरे सरकवायचे ते वेगळे नोंदविते. पूर्वी प्रत्येक उत्पादकाची रीत निराळी होती. १९८५ मध्ये ७५४ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे मानक आले, आणि जवळचा आकडा कसा घ्यायचा याचे नियम ठरले. या कार्यात प्रमुख वाटा असलेले गणिती विल्यम कहान यांना १९८९ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांचे एकेक पाऊल त्यामुळे सर्वत्र सारखे झाले.

पाऊल सारखे झाले, तरी वाट सारखी झाली नाही. आपल्या वहीत तीनच सार्थ अंक मावतात असे समजू. शंभरात ०.४ मिळविले तर १००.४ होतात; पण तीन अंकांत ते पुन्हा १०० असेच लिहावे लागतात. असे दहा वेळा केले तरी उत्तर १०० च राहते. तेच दहा ०.४ आधी आपसांत मिळविले तर ४ होतात, आणि मग शंभरात घातले तर १०४ होतात. शाळेत आपण शिकतो की बेरजेचा क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही. मर्यादित अंकांच्या वहीत हा नियम टिकत नाही. यंत्राच्या वहीत तीनऐवजी सोळा अंक आहेत, एवढाच फरक.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा हा धडा साऱ्या देशाने गिरविला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वासहा पैशांचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे कोष्टक ठरले. चार आण्यांची वस्तू एकदम घेतली तर पंचवीस पैसे; एकेक आण्याची चार वेळा घेतली तर चोवीस. कोणी कोणाला फसविले नव्हते. शेष केव्हा सोडावयाचा, एवढाच प्रश्न होता.

एक पैसा गेला तर गेला, असे म्हणून हा विषय सोडता येत नाही, कारण प्रतिरूपात अशी पावले कोट्यवधी असतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही, आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचा दहावा भाग मोजीत असे, आणि तो दहावा भाग चोवीस द्विमान स्थानांत बसविलेला होता. प्रत्येक ठोक्याला सुटणारा शेष सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या आसपास होता. यंत्रणा शंभर तास अखंड चालू होती. म्हणजे छत्तीस लाख ठोके. साचलेली चूक झाली सुमारे ०.३४ सेकंद. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. ज्या दहाव्या हिश्श्याचा हिशेब आपण आणे-पैशांत पाहिला, तोच हा दहावा हिस्सा.

हे झाले नुसते साचणे. निसर्गाच्या काही व्यवहारांत चूक साचत नाही, ती वाढते. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे एडवर्ड लोरेंझ हे हवामानाचे एक साधे प्रतिरूप चालवीत होते. जुनी आकडेमोड पुढे नेण्यासाठी त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. यंत्राच्या पोटात तो ०.५०६१२७ होता. काही काळ दोन्ही आकडेमोडी हातात हात घालून चालल्या. मग अंतर वाढू लागले, आणि प्रतिरूपातले दोन महिने उलटेपर्यंत दोन्ही हवामानांत काहीच साम्य उरले नाही. १९६३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ग्रहमालेसारख्या घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या रचनेलाही हे लागू आहे. फ्रेंच ज्योतिर्विद जॅक लास्कार यांनी १९८९ मध्ये दाखविले की पृथ्वीच्या आजच्या स्थानात पंधरा मीटरांची अनिश्चितता असेल, तर दहा कोटी वर्षांनंतर ती कक्षेत कोठे असेल हे सांगणे अशक्य होते. मग यंत्राचा सोळावा अंक ही उपेक्षणीय बाब राहत नाही. तेथे सोडलेला शेष पुढे डोंगराएवढा होऊन समोर उभा राहतो.

मित्रहो, दीर्घ काळाची आकडेमोड, तिचा शेष आणि तिच्यावरचा समाजाचा विश्वास, हा प्रश्न मराठी माणसाने संगणकाच्या कितीतरी आधी अनुभवला आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' रचले. त्यापूर्वी कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस, म्हणजे अहर्गण, मोजून ग्रह काढीत. तो आकडा गणेशांच्या काळी सुमारे सतरा लाखांवर गेला होता. त्यांनी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, एक चक्र मानले. दिवसांची संख्या त्या चक्राबाहेर कधी जायची नाही. जितकी चक्रे उलटली तितक्या पटीने एक ठरावीक ध्रुवक हिशेबात घ्यायचा. ज्या-कोटिज्यांची कोष्टकेही त्यांनी टाळली. मोठा आकडा दोन भागांत मोडून लहान वहीत बसविण्याची ही युक्ती आजच्या यंत्ररचनाकारालाही ओळखीची वाटेल.

'ग्रहलाघवा'ची मोठी शक्ती होती पुनरावृत्तीची. महाराष्ट्रात आणि गुजरातेत पसरलेल्या जोशीमंडळींनी तो ग्रंथ घेऊन गणित केले, तर ग्रह तेथेच येत. आकाश मात्र ग्रंथ पाहून चालत नाही. मूळ गतिमानांतील सूक्ष्म उणीव आणि गणितात सोडलेला शेष, दोन्ही चक्रागणिक साचत गेले. १८५० पर्यंत अशी तीस चक्रे उलटली होती. पंचांगातील ग्रह आणि दुर्बिणीतील ग्रह यांत अंतर पडले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, आणि शके १७८७ पासून आबा पटवर्धनांच्या साहाय्याने निघालेले पंचांग पटवर्धनी म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यानंतरचा पंचांगवाद आपणांस ठाऊक आहे. एका घरी एकादशी आज, शेजारच्या घरी उद्या. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथात या साऱ्या परंपरेचा साक्षेपी इतिहास आहे. वादाला वर्षमानाची आणि अयनांशाची कारणेही होती. सारा दोष शेषाचा नव्हता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हजार गणकांचे उत्तर एकच आले, एवढ्याने ते आकाशाशी जुळते असे ठरत नाही. पुनरावृत्ती ही रीतीची साक्ष आहे. सत्याची साक्ष वेधाने मिळते. स्वतः गणेश दैवज्ञांनीही निरनिराळ्या सिद्धांतग्रंथांतील मानांपैकी वेधाशी जुळतील ती निवडली होती. नंतरच्यांनी त्यांची रीत सांभाळली, पण वेधाचा बाणा सोडला.

आज स्थिती उलट झाली आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्याचे बळ एका मोठ्या गणकात नव्हते. एकाच वेळी काम करणाऱ्या अनेक गणकांत ते वाटलेले होते. आजचे सारे महासंगणक याच मार्गाने जातात. मोठी बेरीज शेकडो मोजणीदारांत वाटली, आणि ज्याचा तुकडा आधी आला तो आधी मिळविला, तर दर वेळी क्रम बदलू शकतो. आणि क्रम बदलला की शेष बदलतो, हे आपण शंभर आणि ०.४ च्या उदाहरणात पाहिले. त्याखेरीज एखादे यंत्र गुणाकार आणि बेरीज यांमध्ये एकदा कमी शेष सोडते, एखादे मधली उत्तरे अधिक अंकांत ठेवते. उत्तर आकाशाशी अधिक जुळते, पण अंकाला अंक जुळत नाही.

याचा उपद्रव किती, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारावे. प्रतिरूपात कोणी एक सुधारणा केली आणि उत्तर बदलले. तो बदल सुधारणेमुळे झाला, नव्या चुकीमुळे झाला, की केवळ बेरजेचा क्रम हलल्यामुळे झाला? पुनरावृत्ती नसेल, तर चूक शोधायलाही आधार उरत नाही. म्हणून तिला क्षुल्लक मानता येत नाही. गणिताचा क्रम बांधून घेता येतो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. कहान यांनी १९६५ मध्ये सुचविलेली रीत तर आपल्या जुन्या दिवाणजींना शोभेल अशी आहे. प्रत्येक बेरजेत जो शेष सुटतो, तो दुसऱ्या वहीत टिपून ठेवायचा आणि पुढच्या बेरजेत परत आणायचा. शेष टाळता येत नसेल, तर निदान त्याचा हिशेब तरी ठेवावा.

आणि जेथे चूक वाढणारच आहे, तेथे काय करावे? येथे बडोद्याच्या माणसाला एक जवळचे उदाहरण आहे. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६० ते १९७५ या काळात तिचे सात खंड निघाले. हातांनी नकललेल्या पोथ्यांत अंकाला अंक जुळणे कोठले! संपादकांनी एकच पोथी खरी मानून बाकीच्या दडविल्या नाहीत. त्यांनी पोथ्या ताडून पाहिल्या, पाठ निवडला, आणि प्रत्येक पाठभेद तळटीपेत ठेवला. वाचकाला निर्णयही मिळाला आणि निर्णय तपासण्याचे साधनही मिळाले.

हवामानशास्त्रज्ञ आज हेच करतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा महासंगणक बसला, आणि १ जून २०१८ पासून बारा किलोमीटरांच्या जाळ्यावर एकवीस प्रतिरूपांचा संच चालविण्यास आरंभ झाला. सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम सूक्ष्म भेद ठेवून एकवीस वाटा काढायच्या. बहुतेक वाटा एकत्र राहिल्या तर अंदाज दृढ. पांगल्या तर सावध. 'पाऊस पडण्याची शक्यता इतके टक्के' हे वाक्य अशा संचातून येते. लास्कार आणि त्यांचे सहकारी गास्तिनो यांनी २००९ मध्ये बुधाच्या कक्षेत ०.३८ मिलिमीटर इतका सूक्ष्म फरक करीत ग्रहमालेची २५०१ प्रतिरूपे चालविली. सुमारे एक टक्क्यात बुधाची कक्षा अतिशय लांबट झाली. त्यांपैकी खरे कोणते, हे विचारण्यात अर्थ नाही. एक टक्का हेच तेथले उत्तर आहे.

पोथ्यांचा अभ्यासक येथे एक सावधगिरीची सूचना देईल. दहा पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असतील, तर त्यांचे एकमत ही एकच साक्ष होय. एकवीस प्रतिरूपांची समीकरणे एकच असतील, तर त्या समीकरणांतील उणीव एकविसांतही सारखीच असणार. तेव्हा एकमत झाले तरी वेध घ्यावाच लागतो. पर्जन्यमापक, फुगे आणि उपग्रह हे आजचे वेध होत.

मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजूने याचा विचार करा. अंदाज चुकला तर त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते. बियाणे पुन्हा, मजुरी पुन्हा, कर्जही पुन्हा. त्याला आपण 'अमुक तारखेला पाऊस' असे ठाम वाक्य सांगितले, तर ऐकताना ते बरे वाटते. पण त्यात शेष दडविलेला असतो. 'इतक्या शक्यतेने' असे सांगितले तर आधी किती राने पेरावीत, कोणते राखावे, हे तो स्वतः ठरवू शकतो. जोखीम कशी वाटून घ्यावी, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते. शेष सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा मान राखणे होय.

आपल्या परंपरेत याला सुंदर शब्द आहेत. आर्यभटांनी व्यासाला २०००० मानून परिघ ६२८३२ सांगितला, आणि त्याला 'आसन्न' म्हटले; म्हणजे जवळचा. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म आणि २२ भागिले ७ हे स्थूल मान म्हणून वेगळे दाखविले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख १२०७ सालचा आहे. आमच्या वर्गांत मात्र 'पाय बरोबर बावीस सप्तमांश' असे लिहिले जाते. भास्कराचार्यांनी जपलेला 'स्थूल' हा शब्द आपण वाटेत हरवून बसलो.

म्हणून येथील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पट्टीने मोजलेल्या लांबीवरून विद्यार्थ्याने गणकयंत्रातले आठ अंक उतरविले, तर त्याला पूर्ण गुण देऊ नका. त्यातले किती अंक तुझे आहेत आणि किती यंत्राचे, हे विचारा. संगणकाने दिलेल्या उत्तराखाली यंत्र कोणते, रीत कोणती, क्रम कोणता आणि शेष किती, एवढी तळटीप लिहिण्याची सवय शाळेतच लागली, तर पुढे तो अभियंता होवो, शास्त्रज्ञ होवो वा हिशेबनीस, त्याचे काम दुसऱ्याला तपासता येईल. 'बरोबर' म्हणताना तो कशाशी बरोबर हे सांगेल, आणि 'तेच' आले म्हणून 'खरे' आले असे समजणार नाही.

 माझ्या विवेचनात जो शेष राहिला असेल, त्याचा हिशेब आपण प्रश्नोत्तरांत मागावा.